मंगळवारी समुद्राला सुट्टी

चुकीच्या महिन्यात आलो, हे मला
बुसुआला उतरल्यावर दहा मिनिटांत कळलं.
अकराही सर्फच्या फळ्या झावळ्यांच्या शेडखाली
भिंतीला पाठ टेकून उभ्या,
शाळा सुटल्यासारख्या.

"लाट?" केंकीवरचं केळीचं पान सोलता सोलता
अराबा हसली,
हनुवटीनं समुद्र दाखवला.
"ती मे महिन्यात येते. आत्ता हे आहे."

हे म्हणजे
ताटात वाढून ठेवलेलं, कुणी न ढवळलेलं पाणी.
काठाशी एक दुमड,
इस्त्री करताना राहून गेलेली.
वर हरमॅटनची धूळ,
आणि तांदळाच्या धुवणातून बघावा
तसा सूर्य.

मी नऊ महिने पैसे साठवले होते.
टेमाच्या भाड्याच्या खोलीत
पलंगावर पालथं पडून
एका झटक्यात उभं राहायचा सराव केला होता,
खालच्या मजल्यावरच्या मिस्टर अगबेकोंनी
छताला काठी लावेपर्यंत.

नावासुद्धा काठावरच होत्या.
लाल, पिवळ्या, बाजूला अक्षरं रंगवलेल्या,
वाळूत नाक खुपसून.
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून
एक म्हातारा भोकं शिवत होता.
मंगळवारी आम्ही जात नाही, म्हणाला.
का, असं मी विचारलं.
त्यानं सुई थांबवली,
माझ्याकडे पाहिलं.
"तू रोज कामाला जातोस?"

अराबाचा नातू कोबिना.
मंगळवारी जन्मला म्हणून कोबिना,
त्यामुळे आज समुद्र आपलाच आहे
असं त्याचं म्हणणं.
वय बारा. पुढचे दोन दात मोठे.
"पोहता येतं ना?"
मी फळ्यांकडे पाहिलं.
लाटेवर उभं राहायचं एवढंच ठरवलं होतं,
मधल्या पाण्याचा विचार
केला नव्हता.

तो इतका हसला की
खाली बसला.

मग छातीइतक्या पाण्यात
त्यानं माझ्या पाठीखाली तळहात धरला,
बशी धरावी तसा.
"झोप."
मी हातपाय मारले.
"मारू नको. मारलेस की जातोस खाली."

हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं.
बापानं, मास्तरांनी, पहिल्या साहेबानं,
सगळ्यांनी एकच सांगितलेलं:
हातपाय मार, नाहीतर तुझं काही खरं नाही.
मी मारत आलो.
परीक्षेत, लग्नात, तीन शहरांत,
दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये.

नाकातोंडात पाणी गेलं. खारट, कोमट.
पुन्हा. पुन्हा.
चौथ्यांदा की सहाव्यांदा
कान पाण्याखाली गेले
आणि आतून ऐकू आलं
धप्… धप्… धप्…
गावात कुणीतरी फुफू कुटत होतं,
किंवा माझंच काहीतरी.
तळहात केव्हा निघून गेला
ते कळलं नाही.
कळलं तेव्हा बुडालो.

अराबानं कालची तळलेली मासळी दिली,
अर्धी केंकी, वर काळा शितो,
डोळ्यांतून पाणी काढणारा.
मी फळीचं भाडं पुढे केलं.
"फळी कुठे घेतलीस?
मासळीचे दे."

संध्याकाळी मी अकरापैकी एका फळीला हात लावला.
दिवसभराचं ऊन तिच्यात अजून होतं.
मे महिन्यात मी कुठे असेन,
कंत्राट एप्रिलला संपतं.
कोबिनाला ते सांगितलं नाही.

जाताना म्हातारा जाळं गुंडाळत होता.
"उद्या बुधवार. चारला ये.
ढकलायला एक माणूस कमी आहे."

गेलो.
अंधारात कुणाचा खांदा कुठला कळत नव्हतं,
कुणीतरी ओरडायचं आणि आम्ही सगळे
एकदम.
नाव फार जड होती.